जुनी डिझेल सेडान: खरं ॲव्हरेज मोजायचं कसं, आणि पडलं तर शोधायचं कुठे

सेकंड-हँड डिझेल सेडान घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? विकणारा जो आकडा सांगतो तो डॅशबोर्डवरचा असतो, माहितीपत्रकातला असतो, नाहीतर कधीतरी मोकळ्या हायवेवर एकदा मिळालेला असतो. तिन्ही आकडे खोटे असतातच असं नाही, पण त्यांवर गाडीची पारख होत नाही. पारख होते ती टाकीतून मोजलेल्या आकड्यावर. तो वहीत नियमित लिहिला जात असेल तर बिघाडाची चाहूल चेक-इंजिनचा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी लागते.

डिझेल आपल्याला हवी का, हे आधी ठरवा

एक हिशेब करू. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी लिटरला 13 किलोमीटर देत असेल आणि डिझेल 19, तर वर्षाच्या 10,000 किलोमीटरला 769 विरुद्ध 526 लिटर लागतात. म्हणजे वर्षाला 243 लिटर वाचतात. वापर 5,000 किलोमीटरचा असेल तर बचत 121 लिटरवर येते. याच बचतीतून कधीतरी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं, क्लचला जोडलेलं जड चाक) यांपैकी एखाद्याचा खर्च निघायला हवा. दीड लाख किलोमीटर उलटलेल्या गाडीत असा एक मोठा खर्च धरूनच चालावं.

किलोमीटरपेक्षाही फेऱ्या कशा आहेत हे महत्त्वाचं. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून ते गरमही सावकाश होतं. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी पूर्ण तापतच नाही: ॲव्हरेज कमी, काजळी जास्त, डीपीएफ लवकर चोक. सगळा वापर असाच असेल तर पेट्रोल घ्या; डिझेलची कितीही चांगली गाडी या वापरात खराब होते.

डिझेल जास्त का देतं याची दोन कारणं आहेत. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण 10 ते 12 टक्के जास्त ऊर्जा असते. उरलेला फरक इंजिनाचा: कॉम्प्रेशन जास्त, आणि हवा अडवून वेग कमी-जास्त करायची गरज नाही. पेट्रोल इंजिन कमी भारावर थ्रॉटलमधून हवा ओढण्यात बरीच शक्ती घालवतं. म्हणूनच सावकाश ट्रॅफिकमध्ये डिझेलचा फायदा हायवेपेक्षाही ठळक दिसतो, मात्र इंजिन तापलेलं असेल तरच.

गाडी बघायला जाताना

इंजिन थंड हवं. विकणाऱ्याला तसं आधीच सांगा आणि पोहोचल्यावर रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून खात्री करा. पाइप कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, कारण ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा प्लग) आणि इंजेक्टरचे दोष पहिल्या थंड स्टार्टला दिसतात आणि दहा मिनिटांत लपतात.

स्टार्ट केल्यावर सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे एखादा ग्लो प्लग मेलेला आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर आला तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे.

डीपीएफ असलेल्या गाडीत सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोटाला जेमतेम करडी धूळ लागते. जाड काळी काजळी लागली तर फिल्टर फुटलेला आहे किंवा कुणीतरी आतला गाभा काढून टाकला आहे. अशी गाडी घेऊ नका. गाभा काढून ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदललेली गाडी रस्त्यावर चालवणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि ते सॉफ्टवेअर नेमकं काय बदललंय हे नंतरच्या मेकॅनिकला कळायला मार्ग नसतो.

ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका; डिझेलचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं. पातळी बघा. डिपस्टिकवर ती वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास असेल, तर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचं (डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी सोडलेलं) डिझेल खाली उतरलं आहे. पातळ झालेलं ऑइल आधी टर्बोचं बेअरिंग खातं. मग आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा: थोडी हवा येणारच, पण झाकण नाचायला लागलं किंवा धुराचे भपके आले तर सिलिंडर-रिंगांची झीज आहे.

क्लचवर पाय नसताना आयडलिंगला खडखड आणि क्लच दाबल्यावर ती बंद, किंवा इंजिन बंद करताना खणखण असा शेवटचा आवाज: संशय ड्युअल-मास फ्लायव्हीलवर, आणि तो बदलायचा म्हणजे क्लचसकट. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट किलोमीटरने संपतो तसा वर्षांनीही संपतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलताना टेन्शनर आणि आयडलर पुली सोबतच, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही.

स्कॅनर लावता आला तर तीन गोष्टी वाचा. इंजिनाचे एकूण तास दिसत असतील तर किलोमीटरला त्यांनी भागा. सरासरी ताशी 20 ते 25 निघाली तर गाडीचं आयुष्य गर्दीत गेलं आहे. 50 च्या वर असेल तर हायवेवर. दुसरं, डीपीएफमधली राख आणि शेवटच्या रिजनरेशननंतरचं अंतर. तिसरं, इंजेक्टरची दुरुस्ती-मूल्यं, म्हणजे ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतो ते आकडे, ज्यांचा विषय पुढे येतो.

टाकी ते टाकी

पद्धत साधी, पण शिस्त लागते. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, टाकी पाव उरेपर्यंत चालवा, परत फुल करा, भरलेल्या लिटरने किलोमीटरला भागा. चूक होते ती ‘फुल’ या शब्दात. डिझेलला फेस येतो आणि फेस नोझलला लागला की ऑटो-कट दोन लिटर आधीच होतो. 40 लिटरच्या टाकीत दोन लिटर म्हणजे थेट 5 टक्के, एवढ्यात ॲव्हरेज 18 चं 19 दिसतं. म्हणून शक्यतो तोच पंप, गाडी त्याच दिशेने उभी, नोझल सावकाशच्या खाचेवर. पहिला ऑटो-कट झाला की मिनिटभर थांबून फेस बसू द्या आणि दुसऱ्या ऑटो-कटला थांबा. गळ्यापर्यंत डिझेल कोंबू नका, गरम झाल्यावर ते फुगतं.

एका टाकीवर मत बनवू नये. तीन टाक्यांची बेरीज घ्या:

746 किमी, 41.6 लिटर: 17.9
731 किमी, 38.9 लिटर: 18.8
752 किमी, 43.2 लिटर: 17.4
एकूण 2229 किमी, 123.7 लिटर: 18.0

सुट्या आकड्यांत जवळपास दीडचा फरक दिसतो, पण भरण्यातली दोन लिटरची चूक एकूण बेरजेत दीड टक्क्याच्या आसपास उरते. वहीत तारीख, ओडोमीटर, लिटर आणि एक शब्द लिहा: गर्दी, हायवे, मिश्र. एसी किती चालला तेही. सहा महिन्यांनी याच शब्दांमुळे आकड्यांना अर्थ येतो.

टायर बदलला की ओडोमीटरही बदलतो. 195/65 आर15 टायरचा व्यास सुमारे 634 मिलिमीटर. खाच 8 मिलिमीटरवरून 1.6 वर आली की व्यास जवळजवळ 13 मिलिमीटरने, म्हणजे 2 टक्क्यांनी घटतो आणि ओडोमीटर तेवढंच अंतर जास्त दाखवतो. त्याच रिमवर 205/65 चढवला तर नेमकं उलट: गाडी तेवढीच चालते, आकडा कमी पडतो. नव्या टायरनंतर ॲव्हरेज किंचित उतरलं तर आधी हे तपासा.

डॅशबोर्डचा आकडा टाकून देऊ नका, तोही वहीत शेजारी लिहा. ईसीयू इंजेक्टरला जेवढं डिझेल सोडायला सांगतो तेवढंच तो मोजतो. प्रत्यक्षात किती सुटलं हे त्याला दिसत नाही. डॅशबोर्ड बहुधा थोडा आशावादीच असतो, पण त्याचा आशावाद स्थिर असतो. नेहमी 5 टक्के जास्त दाखवणारा डॅशबोर्ड अचानक 12 टक्के जास्त दाखवू लागला, तर इंजेक्टरचं नोझल गळतंय किंवा कुठेतरी पाइपमधून डिझेल बाहेर जातंय. डॅशबोर्ड आणि टाकी दोन्ही सोबत घसरले तर कारण वेगळं: इंजिनाला जास्त काम पडतंय किंवा ते थंड चालतंय. पुढचा सगळा शोध या एका फरकावर अर्धा होतो.

माहितीपत्रकाच्या आकड्याशी स्पर्धा करू नका. युरोपात मंजुरी मिळालेल्या जुन्या गाड्यांचा आकडा एनईडीसी चाचणीचा असतो: प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद, 1180 सेकंदांत 11 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 33.6. सप्टेंबर 2017 पासून नव्या मॉडेलांना लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी 1800 सेकंदांची आणि 23.25 किलोमीटरची आहे, त्यामुळे तिचा आकडा रस्त्याला बराच जवळ जातो. एनईडीसीच्या आकड्यातून पाव हिस्सा वजा केला तर मिश्र वापरात काय मिळेल याचा चांगला अंदाज येतो.

ॲव्हरेज पडलं: सोप्यापासून सुरुवात

आधी चाकं. थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा. चारही टायरांत प्रत्येकी 1 पीएसआय कमी झाला तर सुमारे 0.2 टक्के नुकसान. 8 पीएसआय कमी असलेली गाडी दीड टक्का गमावते, शिवाय टायर कडेने झिजतो. मग ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि चारही रिमजवळ हात नेऊन बघा, स्पर्श करू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर कॅलिपर धरून राहतोय. मागच्या डिस्कला हँडब्रेक असलेल्या गाड्यांत हा दोष नेहमीचा, कारण केबलचा लिव्हर गंजून परत फिरत नाही.

थर्मोस्टॅट

सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि बदलायला सगळ्यात स्वस्त भागांपैकी हा एक. तो साधारण 83 ते 90 अंशांना उघडतो. उघडाच अडकला तर इंजिन 65-70 अंशांवर रेंगाळतं. डॅशबोर्डचा काटा यावर विश्वासाचा नाही; अनेक गाड्यांत मोठ्या पट्ट्यात तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचा: 15 किलोमीटर चालल्यावर 80 च्या खाली असेल किंवा उतारावर, हायवेवर पुन्हा खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट बदला.

हा दोष एकटा राहत नाही. थंड इंजिनाला ईसीयू जास्त डिझेल देतो, काजळी वाढते. आणि कूलंट पुरेसं तापलं नाही तर बऱ्याच गाड्यांत डीपीएफचं रिजनरेशन सुरूच होत नाही. डीपीएफ भरतो, मागचा दाब वाढतो, ॲव्हरेज आणखी पडतं. मग मालक फिल्टर साफ करून आणतो आणि दोन महिन्यांत तो पुन्हा भरतो. डीपीएफच्या तक्रारीत थर्मोस्टॅट आधी तपासावा तो यासाठी.

डीपीएफ

फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी ईसीयू मध्येच जादा डिझेल सोडतो आणि फिल्टर 600 अंशांच्या आसपास नेतो. निरोगी गाडीत हे साधारण 300 ते 800 किलोमीटरनी होतं आणि 10 ते 20 मिनिटं चालतं. खुणा ओळखायला शिका: आयडलिंग 200 आरपीएमने (मिनिटाला फेऱ्यांनी) चढलेलं, स्टार्ट-स्टॉप बंद, क्षणिक वापराचा आकडा नेहमीपेक्षा जास्त, गाडी थांबवल्यावर पंखा जोरात, गरम लोखंडासारखा वास. अशा वेळी गाडी बंद करू नका. दहा-पंधरा किलोमीटर अजून फिरवा, गिअर एक खाली ठेवून इंजिन 2000 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान. टाकीत डिझेल फारच कमी असेल तर काही गाड्या रिजनरेशन करत नाहीत, म्हणून टाकी पावाच्या खाली नेऊ नये.

दर 100-150 किलोमीटरला रिजनरेशन होत असेल तर ॲव्हरेज तिथेच चाललंय. कारण तीनपैकी एक: काजळी जास्त तयार होतेय (इंजेक्टर, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, हवेची गळती), काम अर्धवट राहतंय (छोट्या फेऱ्या), किंवा फिल्टर राखेने भरलाय. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधून येते, म्हणून डीपीएफच्या गाडीत कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल हवं, बहुधा एसीइए (युरोपीय ऑइल-मानक) सी2 किंवा सी3. राखेला उपाय म्हणजे फिल्टर उतरवून धुणं किंवा बदलणं. बाटलीतलं रसायन टाकीत ओतून राख जात नाही.

फिल्टरला दोष देण्याआधी त्याचा दाब-सेन्सर तपासा. चावी चालू, इंजिन बंद, या स्थितीत आकडा शून्य हवा. तो तेव्हाच 10-15 मिलिबार दाखवत असेल तर सेन्सर खराब आहे किंवा त्याच्या रबरी नळ्या चोक झाल्या आहेत, आणि ईसीयू उगाच डिझेल जाळतोय.

हवा

एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या होज, हवा मोजणारा सेन्सर, ईजीआर, या क्रमाने. होज फाटली की पिकअप जातो, जोर दिल्यावर सूं-सूं आवाज येतो आणि काळा धूर निघतो. फाटीजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग असतो. भेग बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, म्हणून होज हाताने पिळून बघा. ईजीआर उघडा अडकला तर धूर आणि मरगळ दोन्ही येतात. तो काढून साफ करता येतो, पण गॅस्केट नवं लावा. हवेच्या सेन्सरला त्याच्यासाठीचाच स्प्रे. कापड आत घातलं तर तार तुटते.

इंजेक्टर

डॅशबोर्ड आणि टाकीतला फरक वाढला असेल तर इथे या. स्कॅनरवर गरम इंजिनाच्या आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये दिसते. ±1 च्या आत असेल तर निवांत राहा. ±3 च्या बाहेर गेलेला सिलिंडर तपासणीला घ्या. उणे आकडा म्हणजे तो इंजेक्टर जास्त सोडतोय म्हणून ईसीयू त्याला आवरतोय. अधिक म्हणजे तो सिलिंडर कमी काम करतोय, आणि याचं कारण कॉम्प्रेशनही असू शकतं. खात्रीसाठी दोन इंजेक्टरांची अदलाबदल करतात: दोष सोबत गेला तर इंजेक्टर, जागीच राहिला तर सिलिंडर. अदलाबदल केली की इंजेक्टरवर छापलेले कोडही ईसीयूत बदलावे लागतात. नवा इंजेक्टर कोड न भरता बसवला तर गाडी चालते, पण ॲव्हरेज आणि आवाज दोन्ही बिघडतात.

परतीची चाचणी लोकप्रिय आहे: चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, गरम इंजिन तीन-चार मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. मात्र हे परतीचं डिझेल टाकीतच जातं, जळत नाही. त्यामुळे ही चाचणी गरम इंजिन स्टार्ट न होण्याचं कारण चांगलं दाखवते. ॲव्हरेज खाणारं गळकं नोझल तिच्यात सुटू शकतं. त्यासाठी इंजेक्टर बेंचवर न्यावा लागतो. पिएझो इंजेक्टरांना परतीच्या नळीत दाब लागतो, त्यांच्यावर बाटल्यांची चाचणी करू नका. आणि इंजिन चालू असताना जाड धातूच्या नळ्यांच्या नटला कधीही हात लावू नका: आत आयडलिंगलाही 250-300 बार दाब असतो, तो फवारा कातडी भेदून आत जातो.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फस्-फस् आवाज असेल तर तांब्याचं वॉशर गेलंय. इंजेक्टर काढला की वॉशर नवंच, आणि बैठक आधी स्वच्छ. नाहीतर महिन्याभरात तेच पुन्हा.

चालवण्यातलं थोडं

वेग ताशी 90 वरून 120 वर नेला की हवेचा रोध जवळजवळ 1.8 पट होतो. सेडानची सडपातळ पाठ हाच तिचा फायदा आहे. छतावर कॅरियर ठेवला की तो संपतो. उतारावर न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्शन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं डिझेल जळतं आणि ब्रेक तापतात. गिअर 2000 आरपीएमच्या आसपास बदला, पण बचतीच्या नादात 1300 च्या खाली वरच्या गिअरमध्ये ओढू नका. त्यात काजळी वाढते आणि फ्लायव्हील मार खातो. एसी चालू ठेवून तासभर उभं राहिलं तर अर्धा ते पाऊण लिटर जातं. वहीत ‘गर्दी’ लिहिलेल्या टाकीत हेच दडलेलं असतं.

डिझेल फिल्टर आणि चुकीचं इंधन

हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. म्हणून पाणी, हवा आणि पेट्रोल हे तिन्ही त्याचे शत्रू. फिल्टर पुस्तकातल्या मुदतीत बदला, खाली पाण्याचा नट असेल तर सर्व्हिसच्या वेळी पाणी सोडा, आणि नवा बसवल्यावर हातपंपाने, किंवा हातपंप नसेल तर चावी चार-पाच वेळा चालू-बंद करून डिझेल चढवा. स्टार्टर मारत बसू नका. टाकी कोरडी होऊ देणंही याच कारणाने महागात पडतं.

चुकून पेट्रोल पडलं तर चावीही फिरवू नका, कारण चावी चालू होताच टाकीतला पंप ते पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी पूर्ण उपसा, नवं डिझेल भरा. चावी फिरली असेल तर फिल्टरही बदला आणि नळ्या डिझेलने धुवून मगच स्टार्ट करा. त्या टाकीचे लिटर वहीत धरू नका. पुढच्या फुल टाकीपासून ट्रिप मीटर पुन्हा शून्य.